चौथं कुलूप

शुक्रवारी सकाळी निता चहाच्या मशीनमध्ये पावडर भरायला हरीशच्या अभ्यासिकेवर आली, तर शटर खाली आणि शटरच्या उजव्या कडीला हे एवढं थोरलं पितळी कुलूप. अभ्यासिका म्हणजे डोंगरकडा गावाच्या मुख्य रस्त्यावरचा एक गाळा. तलाठ्याची, पोलीस भरतीची परीक्षा देणारी पोरं तिथे दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसत. आत चार कॉम्प्युटर होते आणि कोपऱ्यात निताचं मशीन. एक बटन दाबलं की चहा, दुसरं दाबलं की कॉफी. अभ्यासाला बसलेला माणूस दर तासाला बटन दाबतोच, कारण पुस्तकापेक्षा बटन सोपं. त्यामुळे निताचं बरं चाललं होतं.

गाळ्याचे मालक उत्तमराव शेजारच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं घर गाळ्याच्या वरच होतं. आज मात्र ते पाय पसरून, फेट्याचं टोक पुढं घेऊन, लग्नकार्य पार पाडल्यासारखे निवांत दिसत होते.

"काका, हे कुलूप?" नितानं स्कूटी लावत विचारलं.

"माझं हाय."

"ते दिसून राहिलं. पर काहून लावलं?"

"त्या हरीशला विचार काहून ते. पाच महिने झाले, भाड्याचं नाव न्हाई. फोन केला की म्हनतो, काका, गाडीवर हाव. पाच महिन्यांपासून गाडीवरच हाय! एवढ्यात मानूस काशीला जाऊन परत आला असता."

"मग तुमचं तुमी त्याच्यासंगं बघा. माझं मशीन तेवढं काढून द्या."

"कोनतं मशीन?"

"चहाचं. तुमी रोज सकाळी फुकट पिता, ते."

हे शेवटचं वाक्य उत्तमरावांना ऐकूच गेलं नाही. वयोमानानं माणसाला नेमकं कुठलं वाक्य ऐकू येत नाही, हा एक अभ्यासाचा विषय आहे. "भाडं येईपरेंत आतली सुईबी बाहेर जानार न्हाई," ते म्हणाले.

"सुई त्याची ठेवा की! मशीन माझं हाय. माझ्या नावाची पावती हाय घरी."

"मशीन गाळ्यात हाय. गाळा माझा हाय. मग मशीन कोनाच्या ताब्यात?"

"माझी म्हैस तुमच्या गोठ्यात शिरली तर दूध तुमचं व्हईल का?"

उत्तमराव शेतकरी माणूस. प्रश्न त्यांच्या हद्दीतला होता, म्हणून त्यांनी नीट विचार केला. "वैरन माझी खाल्ली असंल तर थोडंफार व्हईल."

"माझं मशीन तुमचं काहीच खात न्हाई. लाईटबिल हरीश भरतो."

"तेबी भरलं न्हाई त्यानं!" उत्तमराव खुर्चीतून उठलेच. बिलाची गोष्ट ते विसरले होते. नितानं आयती आठवण करून दिली, आणि काम सोपं व्हायचं ते आणखी अवघड झालं. एवढ्यात वरून उत्तमरावांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, हाक दिली, "निता आली का? थांब, चहा टाकते." मग दोघांनीही चहा घेतला आणि चहा संपल्यावर पुन्हा भांडले.

आता, एखादं मशीन चार दिवस कोंडून राहिलं तर काय आभाळ कोसळतं, असं कुणी म्हणेल. कोसळणारच होतं. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, हळदीच्या लिलावाचं नवं शेड झालं होतं. त्या शेडातला एक कोपरा मिळावा म्हणून निता सहा महिने चकरा मारत होती. हंगामात तिथे शेतकरी येणार, हमाल येणार, अडते येणार, आणि हळद विकायला आलेला माणूस भाव फुटेपर्यंत चहाशिवाय दुसरं करतो काय? शेवटी कोपरा तिला मिळाला. समितीच्या सेक्रेटरीसाहेबांची अट एकच होती. येत्या गुरुवारी पहिला लिलाव पुकारायच्या आत मशीन चालू दिसलं पाहिजे. नसलं, तर कोपरा यादीतल्या पुढच्या माणसाचा. हा पुढचा माणूस बाबूसिंग रसवंतीवाला, आणि तो आपलं गाडं घेऊन आत्तापासूनच शेडाच्या दारात उभा होता.

निताकडे मशीन एकच. त्या एका मशीनसाठी तिनं दोन वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. वाकून वाकून मान जी एका अंगाला गेली, ती अजून सरळ झाली नव्हती. असं मशीन दुसऱ्याच्या भांडणापायी सोडून देईल, तर ती निता कसली!

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा भीमराज टेम्पो चालवायचा, केळीच्या खेपा करायचा. माणूस इतका भला, की त्याच्या टेम्पोचा हॉर्न वर्षभरापासून बंद होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"जाऊ दे गं," भीमराज म्हणाला. "मोठ्या मानसाशी वाद काहून घालावा?"

"मोठे असतील तर त्यायच्या घरी. माझं मशीन लहान हाय का?"

शनिवारी नितानं हरीशला फोन केला. "वैनी, गाडीवर हाव, मग बोलतो," म्हणून हरीशनं फोन ठेवला. निता स्कूटीवरून बसस्टँडकडे गेली, तर हरीश खरंच गाडीवर होता. गाडी पानटपरीपुढे स्टँडवर लावलेली होती आणि तो तिच्यावर बसून तंबाखू मळत होता. खोटं बोलला, असं काही म्हणता येईना.

"हरीशभाऊ, उत्तमकाकांनी कुलूप लावलं."

"आं? माझे कॉम्प्युटर हायेत की आत!"

"तुमचे कॉम्प्युटर हायेत, आन माझं मशीनबी हाय. तुमी एवढंच करा, माझ्यासंगं चला आन काकांना तोंडानं सांगा, मशीन निताचं हाय म्हनून."

"चला की! आत्ताच चला!" हरीश तावातावानं म्हणाला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याची गाडी चालू झाली. वाटेत तो हार्डवेअरच्या दुकानाशी दोन मिनिटं थांबला. निताला वाटलं, तंबाखू घेत असेल. तंबाखू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, हे तिच्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला. कारण गाळ्यापाशी येताच हरीशनं खिशातून नवं कोरं कुलूप काढलं आणि शटरच्या डाव्या कडीला खटकन लावून टाकलं.

"आता उघडून दाखवा म्हनावं!" तो ओट्याकडे बघून ओरडला.

"आरं, त्यायला कुठं उघडायचंय?" निता कपाळाला हात लावून म्हणाली. "त्यायनीच लावलंय ना!"

"तेच तर! आता त्यायला उघडताच येनार न्हाई."

वरून नर्मदाबाईंनी विचारलं, "हरीश आला का? चहा टाकू?" हरीश चहा पिऊन गेला. उत्तमरावांनी त्याच्याकडे पाठ करून प्यायला, पण प्यायला.

रविवारी तिसरं कुलूप लागलं. उत्तमरावांचे धाकटे भाऊ जळबा गावाबाहेर शेतातल्या घरी, आखाड्यावर राहायचे. थोरल्याशी तीन वर्षांपासून बोलणं बंद, कारण बापाच्या घराची आणि गाळ्याची वाटणी अजून झालेली नव्हती. रविवारी ते दूध घालायला गावात आले आणि त्यांनी एकाच शटरला दोन बाजूंनी दोन कुलपं पाहिली. जळबांनी त्याचा सरळ अर्थ लावला. दोघांनी मिळून गाळा अर्धा अर्धा वाटून घेतला! आपला हिस्सा कुठं गेला? ते तसेच आखाड्यावर परतले, विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीचं कुलूप काढलं, पेटी सुतळीनं बांधली आणि ते कुलूप आणून शटरच्या मधल्या कडीला ठोकलं.

आता एका शटरला तीन कड्या, तीन कुलपं आणि तीन रुसलेले पुरुष. निता रविवारी दिवसभर या तिघांमध्ये फिरली. उत्तमराव म्हणाले, "आधी हरीशनं काढावं, मग मी काढतो." हरीश म्हणाला, "आधी जळबाकाकांनी काढावं, त्यायचा काय संबंध?" जळबा म्हणाले, "आधी दादानं काढावं, थोरला कोन हाय?" पावती दाखवली तर उत्तमराव म्हणाले चष्मा नाही, जळबा म्हणाले वाचता येत नाही, आणि हरीश म्हणाला, "वैनी, मशीन तुमचंच हाय की! कोन न्हाई म्हनतंय?" न्हाई कुणीच म्हणत नव्हतं. तिघांनाही मान्य होतं. फक्त पहिलं कुलूप कुणी काढायचं, एवढंच राहिलं होतं. जो आधी काढील तो नमला, असं पुढं लेकरंसुद्धा सांगत फिरली असती. आणि नमायचं म्हटलं की आपल्याकडच्या पुरुषांचा गुडघा दुखतो.

सोमवारी सकाळी निता पोलीस चौकीत गेली. जमादार नेमसिंग यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लिहून मात्र काही घेतलं नाही.

"हे दिवानी हाय बाई," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे कोर्टात जा. तारीख पडंल."

"गुरुवारच्या आत पडंल का?"

नेमसिंगांनी तिच्याकडे दयेनं बघितलं. "कोनत्या सालातल्या गुरुवारच्या?"

"मग मी कुलपं तोडते," निता उसळून म्हणाली. "हातोडा हाय घरी."

"ए बाई, असं नका करू! कुलूप तोडलं की ते माझं काम. मग मला तुमालाच आत बसवावं लागंल. तोडायचं नाव काढू नका."

निता उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "साहेब, तोडलं तर गुन्हा. आन लावलं तर?"

"काय लावलं तर?"

"कुलूप. त्याच शटरला. माझं."

नेमसिंगांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता. "तिघांनी लावलंय, तिघं बी मोकळे फिरून राहिलेत," ते शेवटी म्हणाले. "मग चौथ्यालाच कसं धरावं? पर बाई, एक कळंना. तुमाला उघडायचंय का लावायचंय?"

"उघडायचंय," निता म्हणाली. "म्हनूनच लावून राहिले."

हार्डवेअरवाल्याकडून तिनं बैलाच्या दाव्यासारखी जाडजूड साखळी घेतली आणि दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप. तीन दिवसांत त्या शटरपायी त्याचं हे दुसरं गिऱ्हाईक होतं. शटरला कडी काही उरली नव्हती. पण ओट्याच्या कोपऱ्याला उत्तमरावांच्या वडलांनी घोडी बांधायला रोवलेलं लोखंडी कडं होतं. नितानं शटरच्या मुठीतून साखळी ओवली, त्या कड्यातून फिरवून आणली, दोन वेढे दिले आणि भर दुपारी, रस्त्यावरच्या वीस-पंचवीस माणसांदेखत, कुलूप लावलं.

"ए! ए निता! तू काय करून राहिलीस?" उत्तमराव ओट्यावरून खाली आले.

"कुलूप लावून राहिले."

"माझ्या गाळ्याला?"

"माझ्या मशीनला. ते आत हाय, म्हनून भाईरून लावलं."

"कोनाला इचारून?"

"तुमी कोनाला इचारलं व्हतं काका?"

गर्दीतून कुणीतरी हसलं. उत्तमरावांनी तिकडे बघितलं तशी सगळी गर्दी शहाण्यासारखी आभाळाकडे बघू लागली. निता किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून स्कूटीवर बसली. जाताना तिनं हॉर्न वाजवला. गरज नव्हती, तरी वाजवला.

मंगळवारी मात्र डोंगरकडा तिच्यावर पोट धरधरून हसलं. आपलंच मशीन आत, आणि वर आपलंच कुलूप! शहाणी म्हणायची का काय! भीमराजला तर केळी भरायला जाईल तिथे लोक विचारू लागले, "काय भीमराज, वैनीनं तुला बी कोंडलंय का?" भीमराज हसायचा आणि केळीचे घड मोजायचा.

संध्याकाळी तो निताला म्हणाला, "अगं, परवा गुरुवार. काय करायचं?"

"टेम्पो धुऊन ठेवा. उद्याच्याला लागनार हाय."

तोंडानं बोलली खरी, पण निताला स्वतःलाच खात्री नव्हती. आपण हट्टापायी सगळं घालवलं की काय? सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "येते साहेब, मशीन धुवायला काढलंय." आणि फोन ठेवल्यावर ती शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. काही शिवायचं नव्हतं. दोन वर्षं जिथे बसली तिथे बसून तिनं एकदा मनसोक्त रडून घेतलं, तोंड धुतलं आणि कागदी कपांच्या पेट्या दारापाशी रचायला घेतल्या.

तिकडे उत्तमरावांच्या ओट्यावर त्याच दिवशी भलतंच घडलं होतं. आधीची तीन कुलपं म्हणजे घरातली गोष्ट होती. हरीश भाडेकरू असला तरी आपल्यातलाच, जळबा तर सख्खा भाऊ. रुसवे-फुगवे चालायचेच. पण चौथं कुलूप बाहेरच्या बाईचं! मंगळवारी सकाळी जळबा तीन वर्षांनी पहिल्यांदा थोरल्याच्या ओट्यावर चढले.

"दादा, हे काय ऐकून राहिलो मी? आपल्या बाच्या गाळ्याला एका बाईनं कुलूप लावलं?"

"आपल्या" हा शब्द तीन वर्षांत दोघांच्याही तोंडात आला नव्हता. उत्तमरावांनी बाजेवर जागा करून दिली. "बस, जळबा, बस."

पाठोपाठ हरीश आला. "काका, माझ्या अभ्यासिकेला कुलूप लावती म्हंजे काय? मी काय मेलो का?"

"बस बाबा, तूबी बस."

तिघं एका बाजेवर बसले. नर्मदाबाईंनी न विचारताच चहा टाकला. आणि पाच महिने जे मिटलं नाही, ते एका तासात मिटलं. हरीशनं गाळा खाली करायचा, भाड्यापोटी दोन कॉम्प्युटर सोडायचे आणि दोन न्यायचे. भाडं फिटलं, असं उत्तमरावांनी सगळ्यांसमोर बोलायचं. पुढे जो नवा भाडेकरू येईल, त्याच्या भाड्यात जळबांचा बरोबरीचा वाटा. तिघांनी आपापली कुलपं उद्या सकाळी गावासमोर काढायची. म्हणजे शटरवर एकट्या निताचं कुलूप उरेल, अडवणूक कोण करतंय ते गावाला दिसेल आणि बाई लाजंनं पाणी पाणी होईल.

एकच बारीकशी शंका जळबांनी काढली. "काढलेलं कुलूप कोनी मागून गपचूप परत लावलं तर?" मग त्यावरही तोड निघाली. काढल्याबरोबर उत्तमरावांचं कुलूप जळबांनी ठेवायचं, जळबांचं हरीशनं आणि हरीशचं उत्तमरावांनी. इतका पक्का बंदोबस्त डोंगरकड्यात यापूर्वी कुणी केला नसेल.

बुधवारी सकाळी दहाला गाळ्यापुढे ही गर्दी! निताला निरोप गेला होता. ती आली, आणि मागे भीमराजचा धुतलेला टेम्पो. तो टेम्पो बघून खरं तर उत्तमरावांना शंका यायला हवी होती, पण त्यांच्या डोळ्यांपुढे विजय नाचत होता.

"आधी कोन काढनार?" हरीशनं विचारलं, आणि सगळं पुन्हा अडलं. जळबा थोरल्याकडे बघू लागले, थोरला हरीशकडे. शेवटी जिन्यातून नर्मदाबाई ओरडल्या, "एक, दोन, तीन म्हना आन तिघं संगंच काढा! का मी येऊ खाली?" गावानं मोठ्यानं एक, दोन, तीन म्हटलं. उत्तमरावांचं आणि हरीशचं कुलूप निघालं. जळबांचं मोटरीच्या पेटीवर पावसापाण्यात गंजलेलं, ते अडून बसलं. खोबरेल आणलं, चार थेंब सोडले, तेव्हा ते निघालं. कुलपांची ठरल्याप्रमाणे अदलाबदल झाली.

"तिघांचंबी मिटलं!" उत्तमरावांनी हात वर करून गावाला सांगितलं. "हरीशचं भाडं फिटलं, भावाचा वाटा ठरला. आमची कुलपं निघाली. आता निता, तुझं काय म्हननं हाय?"

नितानं मान खाली घातली. उत्तमरावांना वाटलं, लाजली. ती ओढणीची गाठ सोडत होती.

"काका, हरीशभाऊचं भाडं फिटलं?"

"फिटलं."

"बराबर?"

"गाव ऐकून राहिलंय! दहांदा इचारशील का?"

"मग माझंबी काढते की," असं म्हणून नितानं कुलूप काढलं, साखळी बाजूला टाकली, शटर वर ढकललं आणि मागे वळून हाक दिली, "आवं, टेम्पो मागं घ्या!"

ती आत जाऊन मशीनचा प्लग काढेपर्यंत उत्तमरावांना काही सुचलंच नाही. "ए, मशीन कुठं नेऊन राहिलीस? भाडं फिटेपरेंत..." एवढं बोलून ते थांबले. वाक्य पुढे जाईना. भाडं फिटलं, हे त्यांनी आत्ताच हात वर करून सांगितलं होतं. फिटलं नाही म्हणावं, तर हरीश दोन कॉम्प्युटर परत मागणार आणि जळबा पुन्हा रुसून जाणार. कुलूप पुन्हा लावावं, तर ते जळबांच्या खिशात. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं. आज कुणीच आभाळाकडे बघत नव्हतं.

"काका, बाजूला व्हा, पायावर पडंल," निता म्हणाली. मशीन जड होतं. एका बाजूनं भीमराजनं धरलं, दुसऱ्या बाजूनं जळबांनी. जळबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण समोर ओझं दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. मशीन टेम्पोत चढलं. नितानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि दोराची गाठ मारताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, तिनं लपवलं नाही.

आणि इकडे मशीन बाहेर पडल्याबरोबर तिघांना एकत्र ठेवणारी गोष्टच बाहेर पडली. हरीशनं दोन कॉम्प्युटर उचलले आणि तिसऱ्याला हात घातला.

"ए, दोनच ठरले व्हते!" उत्तमराव म्हणाले.

"हा बंद पडलेला हाय काका, बंद पडलेला मोजत न्हाईत."

"माझ्या वाट्याचा कागद आधी करा," जळबा म्हणाले, "मग कॉम्प्युटर काढा न्हाई तर खुर्च्या काढा."

"मी शटर लावून टाकतो! जळबा, माझं कुलूप दे."

"आधी माझं हरीशकडून घेऊन द्या."

"आधी माझं उत्तमकाकांनी द्यावं," हरीश आतून ओरडला.

आवाज चढत गेले. तेवढ्यात नर्मदाबाई पदर खोचून जिना उतरून खाली आल्या. त्यांना येताना बघून उत्तमराव म्हणाले, "अगं, चहा..." आणि पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं, कारण नर्मदाबाईंच्या हातात किटली नव्हती.

"हरीश, भाईर ये. ते खाली ठेव," त्या म्हणाल्या. हरीश आला. त्यांनी दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. "सहा दिवस झाले. भांडायला आला चहा, रुसून बसला चहा, मिटलं चहा! चहाला दूध कुठून येतं, कोनी इचारलं का? निता, तुझी साखळी अन् कुलूप हाय का रिकामं?"

"हाय की काकू," निता म्हणाली आणि साखळी त्यांच्या हातात दिली. नर्मदाबाईंनी ती मुठीतून ओवली, सासऱ्यांनी रोवलेल्या कड्यातून फिरवली आणि कुलूप दाबलं. नितानं किल्ली पुढे केली, ती त्यांनी कमरेला खोवली.

"अगं, गाळा माझा हाय!" उत्तमराव म्हणाले.

"हाय ना. मी कुठं नेऊन राहिले?" नर्मदाबाई म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. वरच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू आला.

गुरुवारी सकाळी वसमतच्या मोंढ्यात पहिली बोली पुकारायच्या आधी मशीन सुरू झालं. पहिला कप सेक्रेटरीसाहेबांना, दुसरा भीमराजला. तिसरा निता स्वतः प्यायली आणि तिला वाटलं, आपल्या हातचा चहा आपण कधी निवांत प्यायलोच नव्हतो. पोत्यांतून हळद ओतली जात होती, माणसांची दाटी झाली होती. बाबूसिंगनंसुद्धा आपलं गाडं सोडून येऊन कॉफीचं बटन दाबलं. चढ्या आवाजात बोली सुरू असतानाच तिचा फोन वाजला. उत्तमरावांचा होता.

"निताबाई," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं. "मशीन लागलं का नीट?"

"लागलं की काका."

"चांगलं झालं. मानसानं मेहनत केली की व्हतंच." मग ते एकदा खाकरले. "बाई, तसल्या कुलपाला दोन किल्ल्या येतात ना?"

"येतात."

"मग दुसरी?"

"माझ्या पर्समधी हाय."

"मी येतो तिकडं. नवा भाडेकरू उद्या गाळा बघायला येऊन राहिलाय. तुझ्या काकूला काही बोलू नको. जळबाला तर अजिबात न्हाई."

"जळबाकाका साडेआठलाच येऊन बसलेत इथं, पोत्यावर. हरीशभाऊबी हाय. दोघं बी तेच मागून राहिलेत."

फोनमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक खुर्ची. "दिली का तू त्यायला?"

"काकूंना फोन करून इचारलं मी. त्या म्हनल्या, तिघं बी एका गाडीत बसून परत येनार असतील, तरच दे."

निताला वाटलं, फोन कट झाला. तिनं दोन गिऱ्हाइकांना कप दिले, एकाला कॉफीचं बटन दाखवलं, आणि मग उत्तमरावांचा दबका आवाज आला.

"कोनाच्या गाडीत?"